पाचवी ‘ब’चं दोनशे चौदावं कुटुंब

शाळेच्या दप्तरी काटेकाकांचं कुटुंब दोनशे चौदाव्या क्रमांकावर होतं, आणि त्या कुटुंबात शाळेत जाणारं एकही मूल नव्हतं. ही बाब शाळेच्या बावीस वर्षं लक्षात आली नाही. यावर जी माणसं हसतात ती कधी शाळेच्या ऑफिसात बसलेली नसतात, म्हणून त्यांचं हसणं आपण मनावर घ्यायचं कारण नाही.

काकांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे एक अरुंद जिना. किराणावाल्यांचे काटे, दवाखान्यातले वर उभं राहायचे काटे, सोनाराचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळे त्यांच्याकडे यायचे, म्हणून गल्लीत त्यांचं नावच काटेकाका पडलं. तपासणीची पितळी वजनं एका लाकडी पेटीत खाचांमध्ये बसवलेली असत आणि त्यातली बारीक वजनं काका कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटाचा घामसुद्धा वजनात जातो, असं त्यांचं म्हणणं. एखादी गोष्ट ‘साधारण बरोबर आहे’ असं कोणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. तर असा माणूस बावीस वर्षं एका चुकीच्या यादीत आनंदाने कसा नांदला, हे सांगायचं तर आधी शाळेची पद्धत सांगायला हवी.

शाळा लहान, पाचवीपर्यंतची. पालकांसाठी निघणाऱ्या प्रत्येक सूचनेच्या तळाशी टिंबांची एक ओळ असे आणि त्याखाली एक चिठ्ठी: ‘सूचना वाचली. सही. कुटुंब क्रमांक.’ चिठ्ठी फाडून, सही करून गेटजवळच्या पेटीत टाकायची. ऑफिस या चिठ्ठ्या मोजायचं. जितक्या चिठ्ठ्या तितकी कुटुंबं. वर्गातल्या बाई मुलं मोजायच्या. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण ऑफिसला वाटायचं मुलं बाईंकडे आहेत आणि बाईंना वाटायचं हिशेब ऑफिसकडे आहे. चिठ्ठ्या बुडवणाऱ्या कुटुंबांचा शोध घ्यायला माणूस जायचा. पण ज्याची एकही चिठ्ठी बुडाली नाही त्याच्या घरी कोण कशाला जाईल? दोनशे चौदाची एकही चिठ्ठी कधी बुडाली नव्हती.

त्याचं कारण काकू. मुलगा पाचवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेला, शाळा सोडल्याचा दाखला तिथे कोणी मागितला नाही, म्हणून इथून कोणी आणला नाही. सूचना येत राहिल्या. काकू त्या ओट्याशी उभ्या उभ्या वाचायच्या, सही करायच्या आणि भाजीला जाता जाता पेटीत टाकायच्या. काकांनी एकदा विचारलं, “आता आपलं कोण आहे तिथे?” तर म्हणाल्या, “कोणी नाही. पण इतकं सविस्तर लिहून पाठवतात बिचारे, वाचलं म्हणून कळवायला काय जातंय?” मुलगा मोठा झाला, शिकला, सात तासांवरच्या शहरात नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि काकूंची सही चालूच राहिली.

मुलगा खरोखर शाळेत होता ती सहा वर्षं मात्र काकांनी शाळेचं एक अक्षरही वाचलं नव्हतं. वसंत म्हणजे त्यांचा हंगाम. बाजारातल्या सगळ्या काट्यांची वार्षिक तपासणी नेमकी तेव्हाच असे आणि नेमकी तेव्हाच शाळेत पालकसभा, फोटो, बागकाम, वर्गाचं छोटं नाटक, सगळं एका दमात असे. काका म्हणायचे, पुढच्या वर्षी येतो. असं सहा वेळा म्हटल्यावर शाळा संपली. मुलाने तक्रार केली नाही. त्याने काही मागितलंही नाही, आणि न मागणारं मूल फार सोयीचं असतं, हे कबूल करायला काकांना पुष्कळ वर्षं लागली.

आठ वर्षांपूर्वी थंडी संपता संपता काकू गेल्या. मुलगा पंधरा दिवस राहून परत गेला. त्यानंतर आठवड्याभरात शाळेची वसंताची सूचना दाराखालून आत आली. काकूंच्या वतीने चिठ्ठी तरी परत करावी म्हणून काकांनी ती उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचली. वाचली म्हणजे काट्याचे नियम वाचतात तशी, पेन्सिल हातात धरून. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा कागद आपल्याला काहीतरी करायला सांगतोय. त्या दिवसांत बाकी कोणी त्यांना काहीही करायला सांगत नव्हतं. लोक ‘काळजी घ्या’ म्हणत आणि पुढे जात. या कागदावर मात्र अठरा ठोस कलमं होती. काकांना इतकं बरं वाटलं की ते जिन्यातच खाली बसले.

पहिलं कलम: हवा बेभरवशाची असल्याने मुलाच्या मापाचा कपड्यांचा एक जादा जोड, नाव घालून, वर्गातल्या खुंटीवर ठेवावा. काकांनी मुलाचा कपाटात राहिलेला जोड काढला. मुलगा सहा फूट उंच. कॉलरच्या आत, पँटच्या पट्ट्याला, मोज्यांना, सगळीकडे दोनशे चौदा असा आकडा शिवला आणि पिशवी पाचवी ‘ब’च्या खुंटीवर अडकवून आले. कोणी हटकलं नाही. पिशवीवर क्रमांक होता, क्रमांक यादीत होता. त्याच महिन्यात पीटीचे सर चिखलात पार आडवे झाले आणि पुढचे चार तास त्यांनी ‘मुलाचा जादा जोड’ घालून शिकवलं. सर त्यात इतके नीटनेटके दिसले की मुख्याध्यापकांनी त्यांचं कौतुक केलं.

दुसऱ्या कलमात शनिवारचं बागकाम होतं. हातमोजे आणावेत, असं लिहिलं होतं, काकांनी हातमोजे आणि एक काटा आणला. प्रत्येक वाफ्यात सारखी माती पडली पाहिजे, यावर ते अडून बसले. बाकीचे पालक अकराला घरी गेले, काका साडेचारला. त्या वर्षीपासून शाळेतले सहाही वाफे ग्रॅमपर्यंत समान आहेत, आणि त्यात काहीही नीट उगवत नाही, पण सगळीकडे सारखंच उगवत नाही.

मग फोटोचा दिवस आला. ‘प्रत्येक कुटुंबाने वेळेवर उपस्थित राहावे, केस विंचरलेले असावेत.’ काका केस विंचरून गेले. फोटोवाल्याला घाई होती. त्याने पाचवी ‘ब’ला उंचीप्रमाणे उभं केलं आणि काकांना मागच्या रांगेत डाव्या टोकाला लावलं, कारण उंचीप्रमाणे त्यांची जागा तीच होती. अशी आठ वर्षांची आठ छायाचित्रं शाळेच्या जिन्यात टांगलेली आहेत. मुलं दर वर्षी बदलतात, अकरा वर्षांचीच राहतात, आणि डाव्या टोकाचा एक विद्यार्थी तेवढा पांढरा होत जातो.

मुलाला यातलं बरंचसं ठाऊक नव्हतं. त्याच्या वाट्याला फोन यायचे. उवांची सूचना आली तेव्हा काकांनी सकाळी दहाला फोन लावला.

“आरशासमोर उभा राहा.”

“बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.”

“घरच्यांनी डोकं तपासून लेखी कळवायचंय. आज शेवटची तारीख आहे.”

मुलगा मीटिंगमधून उठून बाहेर गेला आणि डोकं बघून आला. तो तसाच होता, सांगितलं की करायचा. “काही नाही,” म्हणाला. काकांनी लिहून घेतलं: तपासले, निरंक. मग स्वेटर आहे का, पाण्याची बाटली धुतोस का, लायब्ररीचं पुस्तक राहिलंय का, असं सगळं क्रमाने विचारलं. मुलाने क्रमाने उत्तरं दिली. फोन ठेवल्यावर काकांना समाधान वाटलं की आपल्याला मुलाची सगळी खबर आहे. कागदावर छापलेले सगळे प्रश्न ते विचारत असत, एकही सोडत नसत.

पण या सगळ्यात त्यांचा जीव कशात होता, तर पालकसभेत. दर कुटुंबाला दहा मिनिटं. पहिल्या वर्षी पाचवी ‘ब’च्या बाईंनी वही उघडली, नाव शोधलं, सापडलं नाही. समोर लहानशा खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन एक गृहस्थ बसलेले, अर्धा तास आधी आलेले, हातात कोरी वही आणि टोक काढलेली पेन्सिल. त्यांना ‘तुमचा मुलगा इथे नाही’ असं सांगायला बाईंचं तोंड उघडेना. शेवटी त्या म्हणाल्या, “शांत आहे. लक्ष देतो. स्वतःहून काही सांगत नाही, तेवढं बघायला हवं.” काकांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. घरी जाऊन तो पुन्हा वाचला आणि त्यांना रडू आलं, कारण ते तंतोतंत खरं होतं, आणि हे मुलगा अकरा वर्षांचा असताना कोणीतरी सांगितलंही असणार, त्यांना नाही, काकूंना. त्यानंतर ही दहा मिनिटं पाचवी ‘ब’च्या अंगवळणी पडली. बाई बदलल्या की कपाटाची किल्ली आणि दोनशे चौदा असं दोन्ही पुढच्या बाईंच्या हाती सोपवलं जायचं. कोणी म्हणायचं अक्षर सुधारलंय, कोणी म्हणायचं गणितात गोडी आहे. काका विचारायचे, “मित्र आहेत ना?” आणि बाई सांगायच्या, “आहेत हो, चांगले दोघं-तिघं आहेत.” यापरतं काकांना वर्षभर दुसरं काही लागत नसे.

यंदा शाळेत नवी क्लार्क आली. वय पंचविशीचं, टेबलावर सगळ्या पेन्सिली एका लांबीच्या. तिने आल्या आल्या एक भयंकर गोष्ट केली. तिने चिठ्ठ्यांचा आकडा आणि, भावंडांचं एकच घर धरून, मुलांचा आकडा शेजारी शेजारी लिहिला. एकाचा फरक निघाला. आणि वसंताच्या सूचनेत एकोणिसावं कलम पडलं: ‘सर्व कुटुंबांनी विद्यार्थ्यासह समक्ष ऑफिसात येऊन माहिती अद्ययावत करावी. शुक्रवारी पाचपर्यंत विद्यार्थी हजर न झाल्यास कुटुंबाचं नाव कमी करण्यात येईल.’

काकांनी ते कलम पुन्हा वाचलं. नाव कमी झालं तर दाराखालून कागद येणार नाही. खुंटीवरची पिशवी परत येईल. ती दहा मिनिटं जातील. हंगामातले काटे टेबलावर तसेच टाकून ते सोमवारीच ऑफिसात जाऊन बसले.

“विद्यार्थ्याचं वय?” क्लार्कने विचारलं.

“तेहतीस.”

तिने रकाना पाहिला. “दोन आकडे मावतात. इयत्ता?”

“पाचवी ‘ब’.”

“नापास?”

“छे. पहिल्या दहांत आला होता.”

“मग अजून पाचवीत कसा?”

“दाखला घेतला नाही आम्ही.”

क्लार्कने नियमांची फाइल काढली, बोट फिरवत दोन पानं वाचली आणि मान वर केली. “बरोबर आहे. दाखला घेतला नसेल तर तो आहेच. तुमच्या चिठ्ठ्याही मी पाहिल्या. बावीस वर्षांत एकही बुडालेली नाही. असं दुसरं कुटुंब शाळेत नाही.” हे ती कौतुकाने म्हणाली. काका जरा सैलावले, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “पण विद्यार्थी समक्ष पाहिजे. मी बघितल्याशिवाय ‘कायम’चा शिक्का मारणार नाही. शुक्रवारी, पाच.”

काकांना तिचा राग आला नाही. काटा खरा असेल तर त्याच्यावर रागावून काय करणार? त्यांनी घरी येऊन फोन लावला.

“शुक्रवारी शाळेत यायचंय.”

“कोणाच्या?”

“तुझ्या. तू हजर नाही राहिलास तर आपलं नाव काढतील.” मग सगळं सांगितलं, पिशवी, वाफे, फोटो, पालकसभा. इतकं सलग ते मुलाशी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, “मला ते नाव राहायला हवंय. तू लहान होतास तेव्हा मी गेलो नाही रे. आता तेवढं एकच उरलंय माझ्याकडे.”

मग मुलगा म्हणाला, “येतो.” रजा मिळेल का, सूनबाई काय म्हणेल, असं काही त्याने काढलं नाही, आणि आनंदाच्या भरात काकांनाही ते खटकलं नाही.

शुक्रवारी मुलगा चारलाच पोचला, स्टेशनवरून थेट शाळेत. हातात मोठी बॅग, पाठीवर दुसरी. काकांना वाटलं, दोन दिवसांसाठी केवढं सामान. बॅगा बाहेरच्या बाकावर ठेवून दोघं आत गेले. नोंदीच्या साक्षीदार म्हणून पाचवी ‘ब’च्या बाईही येऊन बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आठ वर्षं सगळ्या बाईंनी मिळून ज्याचा स्वभाव रचला तो विद्यार्थी असा चालत आत येताना बघायला त्यांनाही बरं वाटलं असणार.

“बूट बाहेर,” क्लार्क म्हणाली. “आधी उंची.”

मुलगा भिंतीवर रंगवलेल्या, उंचीच्या खुणा असलेल्या जिराफाला पाठ लावून उभा राहिला. जिराफ त्याच्या खांद्यापर्यंत संपला. क्लार्कने लिहिलं: जिराफाबाहेर. वजनासाठी काटा पुढे ओढला तेव्हा काकांना राहवलं नाही, ते गुडघ्यावर बसले, खालचा स्क्रू दीड वळण फिरवला आणि म्हणाले, “तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. बावीस वर्षं मुलं उगाच जड निघाली असतील.” क्लार्कने आदराने ‘दुरुस्त’ अशी नोंद केली. मुलाचं वजन झालं. काकांनी आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. गेल्या वेळी घरी आला होता त्यापेक्षा तो नऊ किलोंनी कमी होता. काटा आत्ताच त्यांनी स्वतःच्या हाताने नीट केला होता, त्याच्यावर शंका घ्यायची सोय नव्हती.

“बैस,” बाई मुलाला म्हणाल्या, आणि तेहतीस वर्षांचा माणूस गुमान लहान खुर्चीत बसला. शेजारच्या लहान खुर्चीत काका.

क्लार्कने नवा फॉर्म घेतला. “नियमाप्रमाणे ही उत्तरं विद्यार्थ्यानेच द्यायची. पालकांनी मधे बोलायचं नाही. लस?” “झाली.” “डोळे?” “चष्मा आहे, वाचायला.” “दात?” “एक काढलाय.” काका हे सगळं मांडीवरच्या वहीत उतरवून घेत होते. दाताचं त्यांना माहीत नव्हतं.

“घरात कोण कोण राहतं?”

क्लार्कने पेन्सिल टेकवून वाट पाहिली. तिला सवयच होती, मुलं या प्रश्नाला भावंडं मोजायला वेळ घेतात.

“मी,” मुलगा म्हणाला.

“आणि?”

“मीच.”

“आणि सूनबाई?” काका बोलून गेले.

“पालकांनी मधे बोलायचं नाही,” क्लार्क म्हणाली, पण हळू.

मुलगा समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. “ती गेली. थंडीच्या आधीच. भांडण वगैरे नाही झालं. ती म्हणाली, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. खरंच होतं ते.” मग जरा थांबून, “नोकरीही गेली. जानेवारीत.”

“मी तर दर आठवड्याला फोन करत होतो,” काका म्हणाले. या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही.

“हो.”

“मग?”

“तुम्ही स्वेटरचं विचारलंत, बाबा. स्वेटर होता.”

तो हे रागाने म्हणाला नाही, विचारलं तेवढं सांगायच्या त्याच्या जुन्या सवयीने म्हणाला, आणि म्हणूनच ते काकांच्या फार आत गेलं. आठ वर्षं ते दर वसंतात या इमारतीत येऊन एका अकरा वर्षांच्या मुलाची काळजी वाहत होते, त्याचे मित्र विचारत होते, त्याचं अक्षर विचारत होते. आणि मुलगा सात तासांवर एका खोलीत एकटा बसून आरशात स्वतःचं डोकं तपासत होता.

बाईंनी पदराने नाही, सरळ हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि उगाच कपाटाकडे बघितलं. क्लार्क मात्र कामाची होती. फॉर्म अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“सध्याचा पत्ता?”

“खोली सोडली,” मुलगा म्हणाला. “सामान बाहेर बाकावर आहे. बाबांनी शुक्रवारी बोलावलंच होतं, म्हटलं...”

क्लार्कने सगळे रकाने पुन्हा एकदा तपासले. विद्यार्थी समक्ष, उंची घेतली, वजन घेतलं, उत्तरं विद्यार्थ्याने स्वतः दिली. पाचला दहा कमी. नियमात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तिने शिक्क्यावरची तारीख सरकवली आणि ‘कायम’चा शिक्का शाईवर टेकवला.

“थांबा,” काका म्हणाले. “शिक्का नको. दाखला द्या.”

“काका,” बाई म्हणाल्या, “दाखला घेतलात तर नाव जाईल. पुन्हा घालता येणार नाही. पालकसभा पुढच्या गुरुवारी आहे, तुमची वेळ मी राखून ठेवलीय.”

“माहीत आहे.”

“मग कशाला?”

काकांनी क्लार्कपुढे हात केला. तिने शिक्का परत डबीत ठेवला, खणातून दाखल्यांचं जाड पुस्तक काढलं, नाव लिहिलं, प्रगती ‘समाधानकारक’ लिहिली, वर्तणूक ‘चांगली’ लिहिली. मग एका रकान्यापाशी थांबली.

“शाळा सोडण्याचं कारण? पुढचं शिक्षण, स्थलांतर की इतर?”

“इतर.”

“इतर लिहिलं तर खुलासा द्यावा लागतो.”

काकांनी शेजारी पाहिलं. मुलगा त्या एवढ्याशा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता, सांगेपर्यंत उठायचं नाही असा.

“लिहा,” काका म्हणाले. “मुलगा घरी आलाय.”

क्लार्कने ते चांगल्या अक्षरात लिहिलं, वाळू दिलं आणि दाखला फाडून दिला. तो तिने काकांना नाही दिला, नियमाप्रमाणे विद्यार्थ्याच्या हातात दिला.

बाहेर बाकावरची मोठी बॅग काकांनी उचलली. मुलगा ‘राहू द्या, जड आहे’ म्हणाला, पण त्यांनी सोडली नाही. काकांच्या खिशात सूचनेचा कागद होता, त्यावर विचारण्याजोगे अठरा प्रश्न होते आणि सगळे त्यांना तोंडपाठ होते. त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. गेटाबाहेर आल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली.

“काय झालं ते सांग,” काका म्हणाले. “पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”

मुलाला सुरुवात करायला वेळ लागला. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता नऊ मिनिटांचा आहे, काकांनी मोजलेला होता. त्या दिवशी घराचं दार आलं तेव्हा मुलगा जेमतेम नोव्हेंबरपर्यंत पोचला होता, म्हणून ते दार न उघडता तसेच पुढे चालत राहिले.